विश्रांतीकडून सायकलीकडे

खऱ्या निरीक्षणातूनही कधी चुकीचा उपदेश जन्मास येतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचा इतिहास याची साक्ष देतो. या व्याधीत मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे आवरण नष्ट होऊ लागते. पाय ताठरतात, थकवा ग्रासतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ साली तिचे स्वरूप स्पष्ट केले. १८९० साली जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहोफ यांनी नोंदवले, की श्रमानंतर अशा काही रोग्यांची दृष्टी मंदावते. हा परिणाम शरीर तापल्याचा असून शरीर निवताच तो बहुधा ओसरतो, हे मागाहून उमगले. तरीही 'श्रम टाळा' हा सल्ला कित्येक दशके चालूच राहिला. पडून राहिल्याने स्नायू मात्र अधिकच दुबळे होत.

१९९६ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या पेटाजन प्रभृतींनी हा समज कसोटीस लावला. ५४ रोग्यांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे हातापायांनी फिरवायचे सायकलयंत्र चालवले. त्यांचा दम वाढला, बळही वाढले.

पण ज्यांना पायडलही रेटवत नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी मोटर पायडल फिरवते, किंवा त्वचेवरून दिलेला सौम्य विद्युत्प्रवाह स्नायूंना क्रमाक्रमाने आकुंचित करतो. याने व्याधी बरी होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र श्रम किती करावेत हे भीतीने ठरवू नये, मोजून पाहावे, एवढे शहाणपण या शंभर वर्षांनी शिकवले आहे.