हायस्कुलाच्या मास्तराची वाट

खेड्यातला मुलगा शिकून मास्तर होतो, ही गोष्ट आपल्या सातारा-सांगलीकडे तशी जुनी आहे. व्हर्नाक्युलर फायनल पास व्हावे, ट्रेनिंग करावे आणि बोर्डाच्या शाळेत लागावे. पण हायस्कुलाचा मास्तर व्हायचे, तर वाट निराळी. आधी मॅट्रिक, मग पदवी, त्यावर बी. टी. आणि हायस्कुले बहुतेक शहराच्या नाहीतर संस्थानच्या गावी. राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे, या प्रश्नापाशीच कितीकांचे शिक्षण संपून जाई.

1919 साली दोन गोष्टी घडल्या. सांगली-मिरजेच्या दरम्यान विलिंग्डन कॉलेज निघाले. आणि 4 ऑक्टोबरला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कॉलेज आले खरे, पण तिथवर पोचायची शिडी कुठे होती? भाऊरावांनी ती तळापासून बांधायला घेतली. 1924 साली ते सातारला आले. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने दिले. पुढे 1935 साली प्राथमिक शिक्षकांचे ट्रेनिंग कॉलेज, 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज आणि 1955 साली माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज. काल्याच्या त्या दिवसापासून या पायरीपर्यंत छत्तीस वर्षे गेली! एका मुलाचा मास्तर व्हायला जी वर्षे लागतात त्यांच्या दुप्पट म्हणा ना.

योगायोग असा की, याच सुमारास विषयाचेही रूप पालटत होते. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचा मिळून एक सामाजिक अभ्यास माध्यमिक शाळांना सुचविला. पुष्कळ शिक्षकांना ही खिचडी वाटली, आणि त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. इतिहासाचा पदवीधर पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना अडखळायचाच. परंतु आपल्या भागात हे तिन्ही विषय जमिनीवरच एकमेकांत गुंतलेले आहेत, त्याला आयोग काय करणार?

कुंडलचेच पाहा ना. आज हे गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. 1960 पूर्वी या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा, आणि 1949 पूर्वी तर असा वेगळा जिल्हाच नव्हता. मग कुंडल सातारा जिल्ह्यात होते म्हणावे? तेही नाही. ते औंध संस्थानात होते. औंधचा मुलूख सलग नव्हताच. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, मध्ये इंग्रजी हद्द. नकाशा काढायला सांगा, पोरे खुळावतील. हा झाला भूगोल. याच औंधच्या राजाने 1939 साली राज्यघटना देऊन गावपंचायतींच्या हाती कारभार सोपविला, हे नागरिकशास्त्र. शेजारी 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना उभारला, आणि तिथले लोखंडी नांगर एके काळी हेच भाऊराव विकत हिंडले. आणि 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे, तुफान सेनेचे एक मोठे ठाणे कुंडललाच होते. संस्थानच्या हद्दीचा त्यांना उपयोग झाला. नकाशा कळल्याशिवाय हा इतिहास कळत नाही.

खरी परीक्षा इथे पुढे आहे. प्रतिसरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणत. तळपायांवर पत्री मारीत म्हणून, असे गावोगाव सांगतात. न्यायदान मंडळे झाली, गावगुंडांना आणि फितुरांना शिक्षा झाल्या, 1943 च्या जूनमध्ये शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली गेली. शिक्षा करणाऱ्याचा पणतू आणि शिक्षा भोगणाऱ्याचा पणतू आज एकाच बाकावर बसलेले असू शकतात. मास्तराने काय सांगावे? नुसता पोवाडा गायला तर एक पोर मान खाली घालील. गप्प बसला तर दुसऱ्याच्या घरचा त्याग पुसला जाईल. माझ्या मते त्याने पोरांना घरोघर धाडावे, म्हाताऱ्यांकडून ऐकलेले लिहून आणवावे, आणि ऐकीव कुठले व कागदाचा पुरावा कुठला, हे वर्गात निवडायला लावावे. गहू निवडतात तसे. ज्याचे स्वतःचे घर या मातीतले आहे त्याला हे काम सोपे जाते, आणि अवघडही.

आजची वाट काय आहे? पदवी, त्यावर 2015 पासून दोन वर्षांचे झालेले बी. एड., मग राज्याची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्या 200 प्रश्नांत 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. विषयाचे ज्ञान तीत तपासले जात नाही. ते मला खटकते. त्यानंतर ‘पवित्र’ प्रणालीवर नाव लागायची वाट पाहायची. निवड झाली की तीन वर्षे शिक्षण सेवक. त्याचे माध्यमिकचे मानधन 2023 साली महिना 18 हजार रुपये झाले. नववी-दहावीला पुस्तके दोन, एक इतिहास व राज्यशास्त्राचे, एक भूगोलाचे. लहान गावच्या हायस्कुलात ती दोन्ही पुष्कळदा एकाच मास्तराच्या हाती येतात.