मिलिंदाचे नाव आणि प्रौढांचे शिक्षण

शिरड शहापूर आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यातील गाव होते. निजामी राजवटीत तेथून उच्च शिक्षणाची वाट हैद्राबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे, तीही उर्दू माध्यमातून, जात असे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे त्यास मिलिंदाचे नाव लाभले, ही गोष्ट लक्षणीय होय. नागसेनास प्रश्न विचारणारा हा ग्रीक राजा काही कोवळा विद्यार्थी नव्हता. सिंहासनावर बसलेला प्रौढ पुरुष शिकावयास आला होता.

वर्षावासाची प्रथाही याच जातीची. आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्षू एके ठिकाणी राहत आणि उपासकांना धम्मश्रवण घडे. आजही अनेक विहारांत या काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. येथे परीक्षा नाही, पदवी नाही. म्हणून हे शिक्षणच नव्हे, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

१९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडला विद्यापीठ आले. अंतर कमी झाले खरे. परंतु पावसाळा हाच निंदणी-खुरपणीचा हंगाम. दिवसभर शेतात राबलेल्या बाईस रात्री गावच्या विहारात बसता येते, नांदेडच्या वर्गात नव्हे.