उंबरठ्यावरची पाळत

रात्री चार घटका विसाव्यासाठी कोणत्या मद्यगृहात जावे, तेथे आज गर्दी आहे की शुकशुकाट, आपल्या वयाची मंडळी जमली आहेत की नाहीत, हे जाणण्याचे साधन शतकानुशतके एकच होते: कोणीतरी तेथे जाऊन येई आणि सांगे. ही वार्ता अपुरी असे, क्वचित रंगविलेलीही असे. परंतु तिच्यात एक न्याय होता, आणि तो असा की, ज्याने इतरांना पाहिले तो स्वतःही इतरांच्या दृष्टीस पडलेला असे, आणि पाहण्याचा अधिकार त्याने तेथे जातीने हजर राहून मिळविलेला असे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा न्याय कसा मोडीत निघाला, त्याचा इतिहास लहान असला तरी उपेक्षणीय खचित नाही.

त्याचा आरंभ मद्याने नव्हे, कॉफीने झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम या नावाच्या खोलीनजीक कॉफीचे एकच भांडे होते, आणि दूरच्या मजल्यांवरून जिने उतरून येणाऱ्या संशोधकांना ते वारंवार रिकामे आढळे. 1991 साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेट्झ्की यांनी त्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला, आणि 128 बिंदू रुंद व तितकेच उंच, करड्या छटांचे, मिनिटाला जेमतेम तीनदा बदलणारे ते चित्र प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागले. नोव्हेंबर 1993 मध्ये ते इंटरनेटवर सर्वांस खुले झाले, आणि 22 ऑगस्ट 2001 रोजी कॅमेरा बंद होईपर्यंत जगाच्या कानाकोपऱ्यातील माणसे एक परकी कॉफी शिजताना पाहत राहिली. जाण्यापूर्वी पाहून घ्यावे, ही कल्पना येथे अगदी निष्पाप रूपात अवतरली होती. कारण भांड्याला कुटुंब नसते, नोकरी नसते, आणि काल रात्री कोठे होतास असे त्याला कोणी विचारीत नाही.

वीस वर्षांनी, 2011 साली, अमेरिकेतील शिकागो शहरात सीनटॅप नावाच्या कंपनीने तीच कल्पना मद्यगृहांच्या दाराशी आणून ठेवली. तिची रचना नीट पाहण्याजोगी आहे. दाराशी बसविलेले यंत्र आतबाहेर करणाऱ्या माणसांची मोजदाद करी आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून ती व्यक्ती स्त्री की पुरुष आणि तिचे वय अदमासे किती, याचा कयास बांधी. मग घरबसल्या मोबाइल उघडणाऱ्यास त्या घटकेला तेथे किती गर्दी आहे, स्त्रियांचे प्रमाण काय आणि सरासरी वय किती, एवढा तपशील मिळे. या तीन आकड्यांपैकी ज्याने वाद पेटविला तो स्त्रियांच्या प्रमाणाचा, आणि माझ्या मते तो पेटणे रास्तच होते. कारण मैत्रिणीबरोबर निवांतपणे बोलत बसलेली तरुणी तिला न विचारता, तिला कळूही न देता, अनोळखी पुरुषांना त्या दाराकडे ओढणाऱ्या जाहिरातीचा भाग होत होती.

मे 2012 मध्ये हा व्यवहार सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच तेथील नागरिकांनी एवढा गहजब केला की, करारास राजी झालेल्या कित्येक मद्यगृहांनी आपली नावे मागे घेतली. कंपनीचे प्रमुख कोल हार्पर यांनी जाहीर पत्र लिहून खुलासा केला की, चित्रे साठविली जात नाहीत आणि कोणाचीही ओळख पटविली जात नाही. चेहऱ्याचा केवळ वेध घेणे आणि तो कोणाचा हे ठरविणे यांत भेद आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु दारातून जाणाऱ्याला तो भेद पाळला जात आहे की नाही, याची शहानिशा करण्याचा कोणताच मार्ग नव्हता. करार मालक आणि कंपनी यांच्यात झालेला, आणि ज्याचा चेहरा मोजला गेला तो त्या दस्तऐवजात पक्षकारच नव्हता. क्षणार्धात छायाचित्र टिपणारी यंत्रे सर्वत्र झाली तेव्हा 1890 साली वॉरन व ब्रँडाइस या दोघा विधिज्ञांनी खाजगीपणाच्या हक्काचा जो प्रबंध लिहिला, त्यामागेही संमतीवाचून टिपल्या जाणाऱ्या चेहऱ्याचीच चिंता होती. पुढे मे 2019 मध्ये याच सॅन फ्रान्सिस्कोने आपल्या पोलिसांसह सर्व नगरखात्यांना चेहऱ्यावरून ओळख पटविणाऱ्या यंत्रांची मनाई केली; खाजगी मद्यगृहे मात्र त्या मनाईच्या कक्षेबाहेर राहिली.

मुंबईत हाच प्रश्न सरकारी हुकमाच्या रूपाने आला. मद्यपान आणि दप्तर यांचे येथील नाते जुने आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना बाळगणे भाग पाडले, आणि परमिट रूम ही पाटी त्या अंमलाची खूण म्हणून आजही रस्तोरस्ती टिकून आहे. ऑगस्ट 2005 मध्ये राज्यात डान्स बारांवर बंदी आली. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम राखला. त्यानंतर परवाने देण्याची वेळ आली तेव्हा शासनाने ज्या अटी घातल्या त्यांत आतील दृश्य कॅमेऱ्याने थेट पोलिसांपर्यंत पोहोचवावे अशीही एक अट होती. मार्च 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅमेरा प्रवेशद्वारापुरता ठेवण्यास सांगितले. तथापि त्याच वर्षीच्या नव्या कायद्याबरोबर आतील कॅमेऱ्याची सक्ती पुन्हा आली. अखेर 17 जानेवारी 2019 रोजी न्यायमूर्ती सिक्री व न्यायमूर्ती भूषण यांच्या पीठाने ती खाजगीपणावरील आक्रमण म्हणून रद्दबातल ठरविली. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले होते, म्हणूनच हे शक्य झाले. नाचून पोट भरणाऱ्या स्त्रियांना समाजाने ज्या प्रतिष्ठेपासून दूर ठेवले, तिचा एक अंश त्यांना या निकालाने मिळाला, असे मला मनापासून वाटते.

तो निकाल सरकारी सक्तीविरुद्धचा होता. मालकाने स्वखुशीने कॅमेरा लावून आतली गर्दी ग्राहकांना थेट दाखविली, तर दाद मागणाऱ्याला 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याकडे वळावे लागेल. त्या कायद्याचा मुख्य आधार संमती हा आहे; आणि दारातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाची ती कोणी, केव्हा आणि कशी घ्यावी, हे मालकाने कॅमेरा लावण्याआधीच ठरविलेले असले पाहिजे.