चाकाखालचे लाकूड : खानदेशातील स्लीपरची परीक्षा

खानदेशच्या रानातील अंजनाचे लाकूड इतके जड असते की त्याचा गाभा पाण्यात टाकला तर तळाशी जातो. करवतीची धार घालवणारे आणि खिळा सहजी आत न घेणारे असे हे लाकूड. तरीही १८६० च्या दशकात याच प्रदेशातून लोहमार्ग पुढे सरकत होता, तेव्हा भारतातील रेल्वे कंपन्या बाल्टिक समुद्राकाठचा मऊ पाइन काळ्या तेलात मुरवून बोटींनी मागवत होत्या. टणक लाकूड दाराशी असताना मऊ लाकूड सातासमुद्रापलीकडून का आणले गेले?

रेल्वेपूर्वीच्या खानदेशात जड ओझे फिरत असे ते बैलगाडीच्या चाकावर. चाक लाकडाचे आणि त्यावर चढवलेली धाव लोखंडाची. गाडीचा सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे यांसाठी लाकूड निवडून घेई, कारण प्रत्येक भागावर येणारा ताण निराळा. मात्र चाक फिरते, म्हणून प्रत्येक पुठ्ठा क्षणभरच दबतो आणि लगेच मोकळा होतो. रेल्वेने हा व्यवहार उलटा केला. चाक लोखंडाचे झाले आणि लाकूड त्याच्याखाली आडवे पडले. ओझे वाहून जाते, लाकूड जागीच राहते आणि प्रत्येक आसाचा दाब त्याच दोन जागी येतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाटातील मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला आणि दुसरा जबलपूरकडे. नागपूरला गाडी १८६७ मध्ये पोहोचली, तर १८७० मध्ये जबलपूरला कलकत्त्याकडील मार्गाशी सांधा जुळला. म्हणजे दोन्ही दिशांची वाहतूक भुसावळ आणि जळगावच्या रुळांवरून जाऊ लागली. कापसाच्या गासड्या, धान्य, कोळसा, फौजेचे सामान यांपैकी काहीही असो, त्याचा भार शेवटी स्लीपरवरच उतरत असे.

हा भार कसा उतरतो ते पाहण्याजोगे आहे. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांचा परस्परांशी स्पर्श होतो तो जेमतेम एका लहान नाण्याएवढ्या जागेत. तिथून रूळ तो भार आजूबाजूच्या काही स्लीपरांत वाटतो, स्लीपर तो खडीला देतो आणि खडी मातीला. या साखळीत लाकडाचा कस लागतो रुळाच्या बैठकीपाशी. चाक येते तसा रूळ वाकतो, चाक सरकले की उचलला जातो. खडीची धूळ आणि पाणी मध्ये शिरले की ही बारीक हालचाल कानशीसारखे काम करते आणि लाकडाचे तंतू झिजत जातात. खिळ्याचे भोक सैल होते, मग हालचाल वाढते, आणि वाढलेल्या हालचालीने भोक अधिकच सैल होते.

लोखंडसुद्धा या जागी हरले. आरंभीच्या काळात दोन तोंडांचे रूळ वापरले गेले. वरचे तोंड झिजले की रूळ उलटा करायचा आणि दुसरे तोंड वापरायचे, अशी काटकसरीची कल्पना होती. पण रूळ ज्या ओतीव लोखंडी ‘चेअर’मध्ये बसत, तिथे खालच्या तोंडाला वर्षानुवर्षांच्या दाबाने खाचा पडत. उलटलेल्या रुळावरून गाडी खडखडत जाऊ लागली आणि कल्पना कागदावरच राहिली. कागदी हिशेब आणि फिरते ओझे यांचे फारसे पटत नाही.

लाकडाला आणखी शत्रू होते : वाळवी, बुरशी आणि हवामान. चैत्र-वैशाखात जळगावचा पारा चाळिशीच्या बराच वर चढतो, स्लीपर वाळून टोकांना तडकतो. पावसाळ्यात तोच भिजून फुगतो आणि खालची काळी मातीही फुगते. टोके चिरू नयेत म्हणून त्यांत इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या ठोकत. वाळवी आणि बुरशीवरचा इलाज म्हणजे क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे काळे, उग्र वासाचे तेल. बंद नळकांड्यात लाकूड ठेवून हे तेल दाबाने आत मुरवण्याचे पेटंट जॉन बेथेल याने १८३८ मध्ये घेतले.

पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे सापडते. मऊ पाइन तेल पितो, टणक लाकडाचा गाभा ते आत घेत नाही. सागाला त्याची गरजही नसते, कारण त्याचे स्वतःचे तेल पुरते. शिवाय कंपनीला एका मापाचे, यंत्रावर कापलेले लाकूड हजारोंच्या संख्येने हवे होते, आणि सातपुड्यातून ओंडके आणायला तेव्हा ना रेल्वे होती ना धड रस्ते.

या लेपाचेही एक मर्म होते. रुळाची बैठक तासून आणि खिळ्यांची भोके पाडून मगच तेल मुरवायचे, असा नियम ठरला. आधी तेल आणि मग तासणी असा क्रम झाला, तर नेमकी चाकाच्या दाबाखालची जागा उघडी पडते. सगळा स्लीपर काळाभोर आणि रुळाखालचे दोन तुकडे मात्र कोरे, असा स्लीपर वरून शाबूत दिसला तरी बैठकीतून कुजू लागे. तो पारखायला गँगमन हातोडीचा ठोका आणि कान वापरत असे.

लाकूड मोजण्याची शास्त्रीय कसोटी नंतर आली. गाब्रिएल यान्का याने विसाव्या शतकाच्या आरंभी सुचवलेल्या चाचणीत ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा निम्मा लाकडात दाबतात आणि त्याला लागलेला जोर मोजतात. अशा खळग्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ भरते एक चौरस सेंटिमीटर. लाकडी फरशीसाठीही आज हाच आकडा विचारला जातो. भारतीय रेल्वेने ताकद आणि कठीणपणा एकत्र करून स्लीपरचा एक निर्देशांक ठरवला. त्यात कठीणपणाला दहापट वजन होते. किमान मर्यादा साध्या मार्गासाठी ७८३, सांध्याच्या जागी १३५२ आणि पुलावर १४५५. पुलावर खडीची गादी नसते, तडाखा थेट बसतो.

लेपाची परीक्षा याहून संथ. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली. तिथे औषध मुरवलेले लाकडाचे तुकडे वाळवीच्या जमिनीत पुरून वर्षानुवर्षे पाहत, आणि या मैदानाला ‘स्मशान’ अशा अर्थाचे नाव पडले. याच संस्थेत सोन्ती कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे ‘आस्कू’ हे मिश्रण शोधले. ते लाकडात शिरून घट्ट बसते आणि पावसाने धुऊन जात नाही. पुढे जगभर ते वापरले गेले. त्यातील आर्सेनिकमुळे आज अनेक देशांत त्यावर निर्बंध आहेत.

एका मैल मार्गाला १७६० ते २००० स्लीपर लागत. चाळीसगाव–धुळे हा १९०० मध्ये खुला झालेला फाटा सुमारे ३५ मैलांचा. कमीत कमी हिशेबानेही ६१,६०० नग. लाकडी स्लीपर सर्वसाधारण बारा ते पंधरा वर्षे टिके, म्हणजे ही मागणी एकदा पुरवून संपणारी नव्हती. डांगचा साग इंग्रजांनी १८४२ मध्येच भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतला होता, तेव्हा नजर जहाजांवर होती. १८६४ मध्ये वनखाते आले आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगल ही वर्गवारी पक्की झाली. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि तडवी कुटुंबांना ज्या रानातून घराची मेढ नि नांगराचे लाकूड सहज मिळे, तिथे परवाना आला. स्लीपर हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण वनखात्याच्या जन्माशी त्याचे नाते निर्विवाद आहे. वाळवीच्या त्रासाची चर्चा जुन्या कागदांत भरपूर सापडते, या परवान्याच्या त्रासाची त्यामानाने थोडी.

लाकडाला पर्याय म्हणून ओतीव लोखंडाची पालथ्या वाडग्यासारखी बैठक आली, पोलादी पन्हळी स्लीपर आले. देशभर पसरलेल्या ‘सीएसटी–९’ या स्लीपरच्या नावातच परीक्षा आहे : ‘सेंट्रल स्टँडर्ड ट्रायल’, नववा प्रयोग. आधीचे आठ कोणाच्याच लक्षात नाहीत. पुढे पूर्वताणित काँक्रीटचा स्लीपर आला. त्याचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो, आणि त्यावर रुळाखाली रबराची पातळ गादी असते, कारण बैठकीची झीज काँक्रीटलाही चुकली नाही.

दीपनगरच्या वीज केंद्राकडे कोळसा नेणाऱ्या मालडब्याच्या एकेका आसावर आज वीस टनांहून अधिक भार असतो. तो वाहणारे काँक्रीट भुसावळच्या फलाटावरून सहज दिसते. जुने लाकडी स्लीपर लिलावात गेले. कुठे एखादा कुंपणाला किंवा गोठ्याच्या आढ्याला दिसला, तर त्याच्या दोन्ही टोकांकडे रुळाच्या रुंदीची एकेक खाच आणि तिच्या कडेला खिळ्यांची भोके असतात. उरलेले लाकूड बहुधा धडच निघते.