शुल्काची मर्यादा

१८ मे १९७२ रोजी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांना सरकारी उच्च शिक्षणाचे दार उघडले. पुढे १९८३ पासून राज्यात खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. प्रवेशासाठी देणग्या मागितल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९८७ साली विधिमंडळाने कॅपिटेशन फीला कायद्याने बंदी केली. २०१५ च्या कायद्याने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या शुल्कावर नियामक प्राधिकरण आणले. घटनेच्या ३० व्या कलमाने आपणा अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. परंतु त्यात नफेखोरीची मुभा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या इनामदार निकालात स्पष्ट केले. हे बंधन आम्ही हक्कावरचा घाला मानत नाही. परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्याची हुशार मुलगी आपल्या महाविद्यालयाच्या दारातून परत जाणार असेल, तर तो हक्क आपण कोणासाठी जपला?