डायनॅमो : जुन्या मोटारींतील कमी चार्जिंग

इंजिन चालू असूनही बॅटरी पुरेशी न भरणे, हा डायनॅमोच्या जुन्या मोटारींतला नेहमीचा बिघाड. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) कुर्ल्याला बांधलेली फियाट ११०० आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली अँबॅसडर या आपल्याकडच्या ओळखीच्या गाड्या. सकाळी सेल्फ लागत नाही, की ठपका थेट डायनॅमोवर येतो. तो उतरवून आर्मेचर नव्याने भरले जाते, तरी काही दिवसांत बॅटरी पुन्हा उतरते. वीज कमी तयार होते, हे गृहीतकच तपासायला हवे. डायनॅमो ठणठणीत असतानाही वीज वाटेत अडू शकते किंवा खर्चाला अपुरी पडू शकते, आणि या दोन शक्यता डायनॅमोला हात न लावता पडताळता येतात.

पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती भरायला टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. हाताशी असलेला फरक जेमतेम दीड व्होल्टाचा. कटआउटपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत, एखाद्या सैल थिंबलमध्ये, फक्त ०.१ ओहम रोध असला तरी १० अँपिअरला १ व्होल्ट तिथेच संपतो. कटआउटच्या डब्यातला रेग्युलेटर स्वतःपाशी पोहोचलेला दाब पाहतो, बॅटरीपाशी किती पोहोचला हे त्याला कळत नाही. थिंबल वरून चकचकीत आणि आत हिरव्या गंजाने भरलेले असू शकते, म्हणून नजरेवर विसंबू नये. अर्थची, म्हणजे परतीची, वाटही अशीच अडू शकते. ती पाहायला इंजिनाचा वेग वाढवून, हेडलाइट लावून मीटरची एक तार डायनॅमोच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थ टोकाला लावावी. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी सोडवून घासावी. रेग्युलेटरचा स्क्रू पिळला की चार्जिंग वाढते, हा अनुभव खोटा नाही. पण मग वाटेतला दोष तसाच झाकला जातो, आणि तो पुढे दूर झाला की वाढवलेला दाब बॅटरीचे पाणी आटवतो. लाल दिवा विझला म्हणजे चार्जिंग झाले, हेही खरे नाही. डायनॅमोचा दाब बॅटरीच्या जवळ आला, एवढेच तो सांगतो. अँपिअर किती, ते सांगत नाही.

आता खर्च. लुकास सी-४० डायनॅमो पूर्ण वेगाला सुमारे २२ अँपिअर देतो, आयडलिंगला जवळपास काहीच नाही. मूळचे ४५ वॅटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर घेतात. त्या जागी १०० वॅटचे बसवले तर १७ अँपिअर, शिवाय इग्निशन कॉइलचे तीन-चार. हॉर्न, वायपर धरले की काही उरत नाही. उटनूरहून गुडीहत्नूरमार्गे आदिलाबादला जाणारी गाडी वाटेत भरपाई करते. बाजारापुरती धावणारी आणि दर थांब्याला सेल्फ मारणारी तीच गाडी रोज तोट्यात जाते. मग अल्टरनेटरच का बसवू नये? आयडलिंगलाही तो वीज देतो, म्हणून रोजच्या गाडीसाठी हा आक्षेप रास्त आहे. मात्र गंजलेली अर्थिंग त्यालाही तितकीच नडते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मूळ रूप जपल्यावरच मिळते. त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिनातील बदलांचा उल्लेख आहे, अल्टरनेटरचा नाही. तरी जतनासाठी ठेवलेल्या गाडीत डायनॅमोच राहावा.

वाट आणि खर्च निर्दोष ठरले, बेल्टही ताठ असला, तरच डायनॅमोकडे वळावे. लुकास पद्धतीत डी आणि एफ या दोन्ही तारा काढून डायनॅमोवरची ती टोके एकमेकांना जोडावीत, मीटर त्यांच्यात आणि अंगात धरावा आणि वेग हळूहळू वाढवावा. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नये. आकडाच नाही तर कार्बन पाहावेत, एखादाच व्होल्ट आला तर फील्ड कॉइल, चार-पाच व्होल्टांवर अडला तर आर्मेचर.