बुळकांडी, गवत आणि सेरेंगेटीचे कळप

पूर्व आफ्रिकेत टांझानिया देशाच्या उत्तर भागात सेरेंगेटी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडेसे कमी. जगभरातून माणसे येथे सफारीसाठी येतात. 'सफारी' हा स्वाहिली भाषेतला शब्द, अर्थ प्रवास. तो अरबी 'सफर'वरून आला. मराठीतली 'सफर'ही त्याच कुळातली.

सफारीचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. भल्या पहाटे छत उघडता येणाऱ्या गाड्या मुक्कामावरून निघतात. बाभळीच्या सावलीला पहुडलेले सिंह, झाडाच्या फांदीवर बसलेला बिबट्या, पाणवठ्यावरचे हत्ती पाहायचे. ऐपत असेल तर गरम हवेच्या फुग्यातून गवताळ माळावर तरंगायचे. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान गेलात, तर मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप दिसतात. वाइल्डबीस्ट म्हणजे गायीसारखा दिसणारा, दाढीवाला हरणवर्गीय प्राणी. पाऊस आणि कोवळे गवत यांच्या मागे हे लाखो प्राणी वर्षभर एक मोठे वर्तुळ पुरे करतात.

हे सर्व पाहताना प्रवाशाच्या मनात एक कल्पना पक्की होते: हा माणसाचा हात न लागलेला, लाखो वर्षे असाच चालत आलेला निसर्ग आहे. माहितीपत्रकेही तसेच सांगतात. या कल्पनेत तथ्य किती, हे आपण या लेखात तपासून पाहणार आहोत. त्यासाठी सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक मागे जावे लागेल.

गुरांची साथ

१८८७ च्या सुमारास आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावर इटालियन सैन्यासाठी गुरे उतरवण्यात आली. ती हिंदुस्थानातून आली असावीत, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांच्याबरोबर एक रोगही उतरला. इंग्रजीत त्याला रिंडरपेस्ट म्हणतात, आपले शेतकरी त्याला बुळकांडी म्हणत. जनावराला प्रचंड ताप येतो, तोंडात व्रण पडतात, हगवण लागते आणि बहुतेक जनावरे आठ-दहा दिवसांत मरतात. या रोगाचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे.

आशिया आणि युरोपातल्या गुरांना हा रोग पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गुरांच्या शरीरात मात्र त्याच्याशी लढण्याची काहीच तयारी नव्हती. १८९०-९१ पर्यंत साथ पूर्व आफ्रिकेत पोचली, १८९६ मध्ये तिने झांबेझी नदी ओलांडली आणि पुढच्या वर्षी ती खंडाच्या दक्षिण टोकाजवळ होती. अनेक ठिकाणी दहातली आठ-नऊ गुरे मेली. खूर असलेले रानटी प्राणीही सुटले नाहीत. रानम्हशी, वाइल्डबीस्ट, जिराफ मोठ्या संख्येने मेले.

सेरेंगेटीच्या परिसरात मसाई लोकांची वस्ती होती. दूध, रक्त आणि मांस हा त्यांचा मुख्य आहार. गुरे गेली म्हणजे अन्नच गेले. त्यातच देवीची साथ आली. १८९२ मध्ये ऑस्कर बाउमान हा ऑस्ट्रियन प्रवासी या भागातून गेला. न्गोरोंगोरोच्या विवरात त्याने हाडांचे सापळे झालेली माणसे पाहिली. मसाईंपैकी दोन-तृतीयांश लोक मेले असावेत, असा त्याने अंदाज केला.

माणसे आणि गुरे विरळ झाली की जमीन जशीच्या तशी राहत नाही. चरणारी जनावरे नसली की झुडपे माजतात. झुडपांच्या सावलीत त्सेत्से माशी वाढते, आणि तिच्या चाव्यातून माणसाला निद्रारोग तर गुरांना नागाना होतो. त्यामुळे उरलेली माणसेही अशा भागापासून दूर राहू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या युरोपीय शिकाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना जो 'ओसाड, निर्मनुष्य' मुलूख दिसला, तो अशा रीतीने ओस पडलेला होता. तो नेहमीच तसा होता, असे त्यांनी गृहीत धरले.

बंदूक, मग मोजणी

सफारीचा पहिला अर्थ शिकार असाच होता. १९०९ मध्ये अमेरिकेचे नुकतेच निवृत्त झालेले अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत आले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ प्राणी मारले. कातडी आणि सांगाडे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेले. पुढे मोटारी आल्या आणि गाडीतून सिंह मारणे सोपे झाले. तेव्हा ब्रिटिश सरकारने १९२१ मध्ये सेरेंगेटीचा लहानसा भाग राखीव केला, १९२९ मध्ये तो वाढवला आणि १९५१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

उद्यान झाले तेव्हा मसाई तेथे गुरे चारत होते. साथीनंतरच्या साठ वर्षांत त्यांची संख्याही सावरली होती. सरकारपुढे प्रश्न आला: उद्यानाची हद्द कोठे आखायची, आणि आत माणसे राहू द्यायची की नाही?

याच वेळी फ्रँकफुर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल येथे आले. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून त्यांनी जानेवारी १९५८ मध्ये मोजणी केली. त्यांना सुमारे एक लाख वाइल्डबीस्ट मिळाले. त्यांचा नेमका आकडा होता ९९,४८१. कळप प्रस्तावित हद्दीच्या बाहेरही जातात, हे त्यांनी दाखवून दिले. १० जानेवारी १९५९ रोजी विमानाला गिधाड धडकून मिखाएलचा मृत्यू झाला. त्या दोघांचे पुस्तक आणि माहितीपट जगभर गाजले. माहितीपटाला १९६० मध्ये ऑस्कर मिळाले.

बर्नहार्ड ग्झिमेक यांचे ठाम मत होते की उद्यानात माणसे आणि पाळीव गुरे नसावीत. राज्यकर्त्यांचेही मत तिकडेच झुकलेले होते. १९५८ मध्ये बारा मसाई वडीलधाऱ्यांच्या संमतीची निशाणी एका करारावर घेण्यात आली आणि १९५९ मध्ये मसाईंना सेरेंगेटी सोडावे लागले. न्गोरोंगोरोचा भाग उद्यानातून वेगळा करून तेथे त्यांना राहण्याची मुभा दिली गेली. १९७५ मध्ये तेथील शेतीवरही बंदी आली. आज सफारीच्या गाड्या मोरू नावाच्या खडकांपाशी थांबतात. तेथे मसाई तरुणांनी रंगवलेली ढालींची चित्रे प्रवासी पाहतात. ज्या भूमीला निर्मनुष्य म्हणतात, तिथल्या माणसांची ही खूण.

आकड्यांनी घातलेले कोडे

१९६१ मध्ये पुन्हा मोजणी झाली आणि आकडा आला सुमारे अडीच लाख! तीन वर्षांत एक लाखाचे अडीच लाख होतील का? वाइल्डबीस्टची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. प्रत्येक मादी दरवर्षी व्याली आणि तीन वर्षांत एकही प्राणी मेला नाही, तरच हे कसेबसे शक्य आहे. म्हणजे या फरकाचा मोठा वाटा मोजण्याच्या पद्धतीतला असला पाहिजे. नुसत्या डोळ्यांनी विमानातून मोजताना दाट कळपातले प्राणी सुटतात. पुढच्या मोजणीदारांनी कॅमेरे वापरले.

खरे आश्चर्य त्यानंतरचे आहे. १९७७ मध्ये वाइल्डबीस्ट सुमारे १३ लाख झाले होते. सोळा वर्षांत पाचपट! विद्यार्थ्यांना चक्रवाढीचे गणित घालून पाहावे. दरसाल साधारण ११ टक्के वाढ येते. हा फरक मोजणीच्या चुकीने समजावून सांगता येत नाही. रानम्हशींची संख्याही वाढली होती. झेब्र्यांची मात्र फारशी वाढली नाही.

अँथनी सिंक्लेअर आणि इतर संशोधकांना याच गोष्टीत दुवा सापडला. वाइल्डबीस्ट आणि रानम्हैस हे रवंथ करणारे, बुळकांडी होणारे प्राणी. झेब्रा घोड्याच्या कुळातला, त्याला बुळकांडी होत नाही. म्हणजे वाढीचे कारण नुसते चांगले गवत किंवा शिकारबंदी असते, तर झेब्रेही तितकेच वाढायला हवे होते. रक्ताच्या तपासणीने शंका पक्की केली. आधी जन्मलेल्या प्राण्यांच्या रक्तात बुळकांडीविरुद्धची प्रतिपिंडे होती. १९६३ च्या सुमारानंतर जन्मलेल्यांत ती नव्हती. रोग त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

पूर्वी काय होत असे, तेही आता उलगडले. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाला काही महिने सांभाळत. ती संपली की पिल्लू आजारी पडे आणि वर्षाचे होण्याआधीच मरे. कळप टिकून राही, पण वाढत नसे. १९५८ मध्ये ग्झिमेक पितापुत्रांनी जे पाहिले, ते सत्तर वर्षे रोगाने दाबून ठेवलेले सेरेंगेटी होते.

सुई कोणाला टोचली?

मग रोग गेला कसा? रानातल्या एकाही वाइल्डबीस्टला लस टोचलेली नव्हती. लस टोचली होती ती उद्यानाभोवतालच्या गुरांना.

या लशीच्या इतिहासाचे एक पान आपल्याकडचे आहे. हिंदुस्थानात बुळकांडीने होणारे नुकसान पाहून १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. तेथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्याची लस केली. पुढे १९६० च्या सुमारास केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर अधिक सुरक्षित लस तयार केली. गुरे सुरक्षित झाली, आणि रानातून रोग आपोआप ओसरला. याचा अर्थ असा, की रोगाचा खरा साठा गुरांत होता. रानटी प्राण्यांना तो तेथून लागत होता.

परिणाम येथेच थांबला नाही. वाइल्डबीस्ट वाढले, त्यांनी गवत खाल्ले. उन्हाळ्यात जळायला वाळके गवत कमी उरले, त्यामुळे वणवे कमी झाले. वणवे कमी झाल्याने बाभळीची रोपे जगली आणि झाडे वाढली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की या बदलामुळे सेरेंगेटी कार्बन सोडण्याऐवजी तो साठवू लागले. प्रवासी ज्यांच्या सावलीतल्या सिंहाचे छायाचित्र घेतात, त्यातल्या कितीतरी बाभळी त्या लशीनंतरच्या आहेत.

२००१ मध्ये केनियात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक नोंदला गेला आणि २०११ मध्ये हा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने निर्मूलन केलेला हा दुसराच रोग.

मसाईंना ठाऊक असलेली गोष्ट

रोग उलट्या दिशेनेही जातो. वाइल्डबीस्ट व्यायला लागले की मसाई आपली गुरे त्या माळापासून दूर नेतात. व्यालेल्या वाइल्डबीस्टच्या जागी चरलेली गुरे मरतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १९६० मध्ये प्लोराइट आणि सहकाऱ्यांनी वाइल्डबीस्टमधून त्या रोगाचा विषाणू वेगळा काढला. मसाई वारेला दोष देत. संशोधकांना विषाणू मुख्यतः लहान पिल्लांच्या नाका-डोळ्यांच्या स्रावात सापडला. कारण नेमके कोणते यात फरक, पण उपाय तोच. गुरे आणि कळप एकाच माळाचा वेगवेगळ्या वेळी वापर करू शकतात, याचे ज्ञान या गुराख्यांकडे होते. १९५९ चा निर्णय घेताना ते कोणी विचारात घेतले नाही.

याचा अर्थ संरक्षणाची गरज नव्हती, असा आम्ही काढत नाही. १९७० च्या दशकात चोरट्या शिकारीने सेरेंगेटीतले काळे गेंडे जवळजवळ संपवले. पहारा नसता तर हत्तीही उरले नसते. १९९४ मध्ये डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाने, जो बुळकांडीच्याच कुळातला आहे, येथल्या सुमारे तीन हजारांपैकी एक-तृतीयांश सिंह मारले. तेव्हा उपाय म्हणून भोवतालच्या गावांतील कुत्र्यांना लस टोचावी लागली. बंदूकधारी शिकाऱ्याला हद्द रोखते, विषाणूला नाही. त्यासाठी हद्दीबाहेरच्या माणसांची साथ लागते.

ही चर्चा जुनी झालेली नाही. जून २०२२ मध्ये उद्यानाच्या पूर्वेला लोलिओंडो येथे सरकारने १,५०० चौरस किलोमीटर जमिनीवर हद्दीचे खांब रोवले, तेव्हा मसाई आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला.

वर्गात करून पाहा

मोजणीचा प्रश्न विद्यार्थ्यांना हाताने करून पाहता येईल. फरशीवर खडूने १० बाय १० चौकोन आखा. दोन मुलांनी मोजून ५०० चवळीचे दाणे त्यावर सारखे पसरावेत. इतरांना संख्या सांगू नये. प्रत्येक गटाने चिठ्ठ्या टाकून कोणतेही दहा चौकोन निवडावेत, त्यांतले दाणे मोजून दहाने गुणावे. सगळ्यांची उत्तरे फळ्यावर लिहा. मग तेच दाणे तीन-चार ढिगांत, कळपांसारखे ठेवा आणि पुन्हा मोजा. उत्तरांतला फरक किती वाढतो ते पाहा. विमानातून मोजणाऱ्यांपुढची अडचण हीच. अलीकडे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेल्या मोजण्या विमानाच्या आकड्यांपेक्षा बऱ्याच कमी येत आहेत, आणि त्यावर संशोधकांत वाद चालू आहे.

त्यानंतर एक चर्चा घ्यावी. अर्ध्या वर्गाने १९५८ सालचे अधिकारी व्हावे, अर्ध्याने मसाई वडीलधारे. अधिकाऱ्यांच्या हाती एकच आकडा आहे, एका महिन्यात मोजलेला. त्याच्या आधारे हद्द आखायची आहे. मसाईंनी विचारावे: कळप कमी आहेत ते आमच्या गुरांनी गवत खाल्ले म्हणून, की दुसऱ्या कशाने? हे ठरवायला अधिकाऱ्यांनी आणखी कोणती माहिती गोळा करायला हवी होती, त्याची यादी वर्गाने मिळून करावी. झेब्र्यांचा आकडा त्या यादीत येतो का, ते पाहावे.